वचनभक्षीचे चिंचोके

नानासाहेब गायक्यांचा आवाज लासूर स्टेशनच्या मोंढ्यातून रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जायचा. कांद्याचा लिलाव पुकारणं हे त्यांचं काम. ट्रॉलीच्या चाकावर एक पाय, कानावर हात, आणि "बोला शेठ, बोला! माल बघा, मालावर बोला!" अशी हाळी सुरू झाली की टपरीवरचे व्यापारी चहा अर्धा टाकून उठायचे. त्यांनी "तीन वार" म्हटलं की माल सुटला. मग कुणी चरफडो की कुणी पाया पडो, शब्द मागं फिरायचा नाही.

मोनिका ही त्या आवाजाची मुलगी. शाळेत तिला 'पुकाऱ्याची पोरगी' म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. औरंगाबादेत एम. एस्सी.ला आली (तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं), तेव्हा मात्र तिनं पहिलं काम केलं ते बोलणं बदलण्याचं. 'नाय'चं 'नाही' केलं, 'लई'चं 'खूप' केलं. वसतिगृहाच्या आरशापुढं उभी राहून ती शब्द असे घासायची, की तिच्या खोलीतली मुलगी विचारायची, "कुणाशी भांडतेस गं?" पुढं वाळूजच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात नोकरी लागली तोवर तिच्या बोलण्यातलं लासूर पार पुसलं गेलं होतं. निदान तिला तसं वाटायचं.

शहराला लागूनच्या सातारा परिसरात तिनं खोली घेतली. डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा रोज एक इमारत उठत होती. तिच्या इमारतीच्या भिंतीवर बिल्डरनं माणूसभर उंचीची अक्षरं रंगवली होती: 'चोवीस तास पाणी'. पाणी टँकरनं यायचं. दुष्काळाची ती सलग वर्षं. टँकर आला की बायका बादल्या घेऊन जिन्यावरून पळायच्या, आणि त्या मोठ्या अक्षरांखाली उभं राहून नंबरावरून भांडायच्या.

कंपनीतल्या वैदेहीनं तिला देवेशकडच्या खेळाच्या टेबलावर नेलं. देवेश सातोनकर एका खासगी कॉलेजात शिकवायचा. औरंगपुऱ्यात त्यांचं जुनं घर, वरच्या मजल्यावर मोठी खोली, आणि दर रविवारी दुपारी तिथं एक खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. देवेश एक गोष्ट सांगायचा. जादू, राजे आणि राक्षसांची. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचे आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगायचे. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. तो म्हणेल ते खरं. चिन्मय नावाचा बँकेतला मुलगा योद्धा होता. वैदेही धनुर्धर. मोनिकानं वैद्यीण घेतली. नानासाहेबांना तिनं फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे सोंगट्याच की, फकस्त सोंगट्या बोलतात."

देवेश गोष्ट फार छान सांगायचा, हे त्याच्या वैऱ्यानंही मान्य करावं. इंग्रजी नियमांचं जाडजूड पुस्तक त्यानं मागवलं होतं आणि सगळी नावं मराठीत आणली होती. त्याचे स्वतःचे दोन नियम होते. एक, पात्र जे बोलतं ते तोंडानं बोलायचं. 'माझा योद्धा त्याला धमकी देतो' असं सांगून चालायचं नाही, धमकी द्यायची. दुसरा, देवेशच्या आई कालिंदीकाकू टेबलावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायच्या. पात्रानं वचन दिलं की त्या तांब्यावर हात ठेवायचा. हात ठेवला की शब्द पक्का. सगळेजण हसतहसत हात ठेवायचे. कोपऱ्यातल्या म्हातारीला 'तुझा नातू सोडवून आणतो', कोळ्याला 'तुझी नाव परत देतो'. मग गोष्ट पुढं जायची, खजिना दिसायचा, आणि म्हातारी नि कोळी मागं राहून जायचे. पुढच्या रविवारी त्यांची नावंही कुणाला आठवायची नाहीत.

त्या उन्हाळ्यात नानासाहेब मुलीकडं आले होते. मोंढ्यात मालच नव्हता तर पुकारायचं काय? टँकर आला नव्हता, खोलीत प्यायला पाणी नव्हतं. रविवारी मोनिका देवेशकडं निघाली तसे तेही दोन रिकामे कॅन घेऊन स्कूटीवर मागं बसले. सातोनकरांकडं नळ होता, अंगणात बोअर होती.

कालिंदीकाकू दारात आल्या. नानासाहेबांनी चपला खाली जिन्यापाशीच काढल्या होत्या. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी तळहात शर्टाला पुसले आणि जे बोलले ते इतक्या बारीक आवाजात, की मोनिकानं तो आवाज जन्मात कधी ऐकला नव्हता.

"ताई, जास्ती नको. दोनच कॅन भरू द्या. लेकीच्या खोलीवर पाणी नाय. लई उपकार व्हतील."

"अहो, उपकार कसले? आत या, चहा घ्या," म्हणत काकूंनी स्वतः पाइप लावून दिला. त्यांचं कुठंच चुकलं नाही. देवेश जिन्याच्या कठड्याला टेकून हातातल्या मोबाइलशी खेळत होता. त्यानं मान वर करून एकदा पाहिलं, नीट पाहिलं, आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला.

त्यानंतरच्याच कुठल्याशा रविवारी त्याच्या गोष्टीत एक कोरडं गाव आलं. पिंपरखेडं. गावाचा पाटील वीरांना सामोरा आला. देवेश खुर्चीवरून उठला, पाठीत वाकला, तळहात शर्टाला पुसले आणि म्हणाला, "ताई, जास्ती नको. दोनच हंडे भरू द्या. गावात पाणी नाय. लई उपकार व्हतील!"

चिन्मय हसून टेबलावर कोसळला. "अरे, काय बेअरिंग पकडलंयस! पुन्हा एकदा, पुन्हा एकदा!"

देवेशनं पुन्हा केलं. वैदेहीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. आणि मोनिका? मोनिकाही हसली. क्षणभरच, पण सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखं हसली. ते हसू गळ्यातून बाहेर पडलं आणि तिला कळलं की आपण कुणाला हसलो. देवेशनं केलं त्याचा राग पुढं कदाचित निवळला असता. पण त्यानं तिला तिच्या बापाला हसायला लावलं होतं. ते कशानं निवळणार होतं?

"आणू काका, पाणी आणू!" वीरांनी तांब्यावर हात ठेवले. "सुवर्णगडाची नदी वळवून आणू तुमच्याकडं!" मग डोंगरापलीकडं ड्रॅगनची गुहा दिसली आणि सगळे तिकडं निघाले.

"माझी वैद्यीण इथंच राहते," मोनिका म्हणाली.

"इथं? इथं काय आहे?"

"लोक आजारी आहेत."

वैद्यीण पिंपरखेड्यात राहिली आणि आपल्या वाटणीचं पाणी आजाऱ्यांना पाजून स्वतः तापानं मेली. फासा तसाच पडला. देवेशला वाईट वाटलं, खरोखर वाटलं. "सॉरी गं. पुढचं पात्र तुला हवं ते घे. काहीही."

"काहीही?"

"काहीही म्हणजे काहीही."

"मग तांब्यावर हात ठेव," मोनिका म्हणाली.

देवेशनं ठेवला.

ती पुस्तक घरी घेऊन गेली. शेवटी एक प्रकरण होतं ज्याला त्या टेबलावर कुणी हात लावला नव्हता: खलपात्रांचे वर्ग. देवेश म्हणायचा, दुष्ट पात्रं आली की टेबलावरची माणसं फुटतात. मोनिकानं ते प्रकरण नवरा शोधणाऱ्या मुलीनं स्थळं वाचावीत तसं वाचलं. विषवैद्य होता, तो एका घोटात माणूस संपवायचा. लवकर संपतं, म्हणून तिनं सोडला. प्रेतं उठवणारा मांत्रिक होता. त्याचा गाजावाजा फार. काळा सरदार नुसता हाणामारीचा. आणि मग कोपऱ्यात, अर्ध्या पानावर, एक वर्ग सापडला. त्याचं मराठी नाव तिनंच पाडलं. वचनभक्षी. ही स्वतः कुणाला मारत नाही. ती चालते, ऐकते, थांबते. तिच्यादेखत दिलेलं आणि न पाळलेलं प्रत्येक वचन ती खाते, आणि त्यावर तिची ताकद वाढते. पुरेशी वाढली की ज्या वस्तूचं वचन मोडलं गेलं ती वस्तू तिच्या ताब्यात येते. नियम एकच: काही लपवायचं नाही. खाल्लेलं वचन सगळ्यांना दिसलं पाहिजे.

मोनिका दिव्याखाली बसून एकटीच हसली. हे हसू मात्र तिचं स्वतःचं होतं.

रविवारी तिनं टेबलावर काचेची एक वाटी ठेवली आणि त्यात एक चिंचोका टाकला. टण्ण.

"हा कशाचा?" चिन्मयनं विचारलं.

"पिंपरखेड्याचा. माझी वचनभक्षी त्या वैद्यिणीच्या राखेतून उठलीय. तिच्यादेखत दिलं होतं."

"अय्या, कसलं भारी!" वैदेही म्हणाली. "म्हणजे तू आता व्हिलन?"

"मी काहीच करणार नाही. तुम्ही कराल ते."

त्यांना गंमत वाटली. वचनं द्यायची सोडतील म्हणावं, तर उलट जास्त द्यायला लागले. म्हातारीला, कोळ्याला, लोहाराच्या विधवेला, बोलणाऱ्या रेड्यालासुद्धा. गोष्टीतली फुटकळ माणसं; त्यांना दिलेला शब्द हा काय शब्द असतो? देवेशच आपल्या सगळ्या तोंडांनी मागायचा आणि ते सगळ्या हातांनी द्यायचे. मोनिका एक शब्द बोलायची नाही. गाव मागं पडलं की चिंचोका उचलायची. टण्ण. चिन्मय म्हणायचा, "आली बघ सावकारीण!" कालिंदीकाकू पोहे घेऊन यायच्या तेव्हा वाटी बाजूला सरकवायच्या आणि म्हणायच्या, "मोनिका, एवढ्या चिंचा कुणी खाल्ल्या गं?"

"ह्यांनी, काकू."

पाऊस आला तो अंगणही न भिजवता गेला. दुसरा उन्हाळा उभा राहिला. सातारा परिसरात आणखी दोन इमारती उठल्या आणि त्यांच्याही भिंतींवर तीच अक्षरं रंगली. वाळूजहून येताना मोनिका त्या भिंतींकडं बघायची आणि मनातल्या मनात वाटीत टाकायची. आठवडाभर कंपनीत ती शांत, हसरी, वेळेवर येणारी मोनिका मॅडम. पण भांडी घासताना, स्कूटीला किक मारताना, तिच्या ओठांवर एक वाक्य असायचं. ते तिला देवेशच्या तोंडून ऐकायचं होतं. नक्कल म्हणून नको, गरज म्हणून. त्याच टेबलावर, त्याच माणसांसमोर. बाकी तिला काही नको होतं.

वाटी भरली त्या रविवारी गोष्ट सुवर्णगडात होती. हे देवेशचं लाडकं शहर. कारंजी, सोन्याचे कळस, त्यावर राज्य करणारा महाराज वज्रसेन, ज्याच्या भारदस्त आवाजासाठी देवेश घसा खाकरून, खांदे रुंद करून बसायचा. मोनिकानं वाटी उचलली आणि टेबलाच्या मधोमध पालथी केली. चिंचोके घरंगळत चौघांच्याही ताटल्यांपर्यंत गेले.

"वचनभक्षी नदीवर हात ठेवते," ती म्हणाली. "नदी माझी झाली."

देवेशनं पुस्तक उघडलं, पान वाचलं, पुन्हा वाचलं. "बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "नियमानं बरोबर आहे. अगं, पण चार वर्षांचं शहर आहे हे!"

"मग वाचव. मी पाणी विकायला काढलंय. लिलाव आहे."

आणि मोनिका उभी राहिली. खुर्चीच्या दांडीवर एक पाय ठेवला, कानावर हात नेला, आणि आजवर त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता असा आवाज तिच्या छातीतून निघाला.

"बोला शेठ, बोला! माल बघा, मालावर बोला! सुवर्णगडची नदी हाय, झुळझुळ पाणी हाय, वापस मिळायचं नाय! व्हय का नाय? बोला!"

खिडकीवरची कबुतरं उडाली. खाली रस्त्यावर कुणीतरी वर पाहिलं. वैदेही तिच्याकडं अशी बघत राहिली जणू इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर दुसरीच कुणी बसत होती.

"माझी... माझी रुप्याची तलवार," चिन्मय म्हणाला.

"तलवार आली! पाणी तलवारीनं पितात व्हय रं? पुढं बोला!"

वैदेहीनं उडता घोडा दिला. चिन्मयनं ड्रॅगनचा सगळा खजिना दिला. मोनिका प्रत्येक बोलीवर मान हलवत होती. "नाय. नाय. सोनं लई पाह्यलंय. राजा गप का? राजा, मागणं तुझं हाय ना?"

देवेश म्हणाला, "महाराज वज्रसेन तिला विनवणी करतात."

"तोंडानं, देवेश. नियम तुझाच आहे."

देवेशनं घसा खाकरला. "हे देवी, सुवर्णगडाची प्रजा तुझ्या कृपेची याचना—"

"हे भाषण झालं. मागणं नाय. एक वार!"

"थांब! माझं अर्धं राज्य तुझ्या चरणी—"

"राज्य नको. तहान लागलेला माणूस असं बोलतो व्हय? एवढं लांबलचक? दोन वार!"

देवेशनं इकडंतिकडं पाहिलं. चार वर्षांचं शहर, त्याची कारंजी, बाजार, त्यानं रात्ररात्र जागून रंगवलेले नकाशे. सगळं एका 'वारा'वर लटकलं होतं. त्यानं डोकं खाजवलं. तहानलेला माणूस कसा मागतो? त्याच्या पाहण्यात असा माणूस एकच आला होता. देवेशचे खांदे आपोआप उतरले. तळहात शर्टाला पुसले गेले. ते त्याला कळलंसुद्धा नाही. आवाज बारीक झाला.

"ताई... जास्ती नको. दोनच हंडे भरू द्या. शहरात पाणी नाय. लई उप—"

तो तिथंच थांबला. आपलं बोलणं त्याच्याच कानावर पडलं होतं. चिन्मय हसला नाही. वैदेहीनं हळूहळू तोंडावर हात नेला. तिला त्या रविवारी खिडकीतून दिसलेले कॅन आठवले, की स्कूटीवर मागं बसलेला म्हातारा आठवला, कोण जाणे.

मोनिका हसली. मोठ्यानं, सावकाश, एकटीच. त्या दिवशी सगळे हसले होते तितकंच. मग म्हणाली, "तीन वार! सुटला माल, पिंपरखेड्याच्या पाटलाला!"

"पाटलाला?" चिन्मय ओरडला. "त्यानं बोली कुठं लावली?"

"पहिली बोली त्याचीच होती. तुम्हीच तांब्यावर हात ठेवून कबूल केली. सुवर्णगडाची नदी वळवून आणू म्हणालात ना? मी फक्त तुमचा शब्द पाळला. नदी वळली. सुवर्णगड कोरडा."

कालिंदीकाकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधीच्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ट्रे ठेवला आणि मुलाकडं पाहिलं.

"देवेश, आत्ता तू बोललास ते... हे असं आपल्या दारात कोण बोललं होतं रे?"

देवेश पुस्तकाची पानं चाळू लागला.

"मी तुला काय विचारतेय?"

"नानासाहेब," तो टेबलाकडं बघत म्हणाला.

"आणि तू त्याचा खेळ केलास? दारात आलेल्या माणसाचा?"

मोनिकानं पर्स उचलली. काकूंना वाकून नमस्कार केला, वाटीत एक चिंचोका, नानांच्या नावाचा, परत टाकला आणि वाटी घेऊन जिना उतरली. तिला हलकंबिलकं काही वाटत नव्हतं. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं वाटत होतं.

घरी गेल्यावर नानासाहेबांचा फोन आला. "काय, सोंगट्यात जितली का?"

"जितले, नाना. लिलाव पुकारला आज."

"तू? आवाज पोचला का लांबवर?"

"लई लांबवर."

"मग ठीक हाय," म्हातारा खूश होऊन म्हणाला.

त्या दिवसापासून मोनिका कंपनीतही तसंच, लासूरचंच बोलते. ज्याला खटकतं त्यानं कान झाकावेत.

देवेश तिच्या खोलीवर आला तो दुसऱ्याच दिवशी. जिन्यात बादल्यांची रांग होती, तिच्यातून अंग चोरून वर आला. दारातच म्हणाला, "माफ कर. मी खरंच विचार केला नव्हता."

"मला कशाला सांगतोस? मी हसले होते तुझ्याबरोबर. माझं मी बघीन. माफी नानांची माग."

"फोन लाव ना. बोलतो."

"फोनवर नाय. लासूरला जायचं. मोंढ्यात, लिलाव चालू असताना, व्यापाऱ्यांसमोर. हसताना माणसं होती ना? माफी मागतानाबी असू दे."

"येतो मी. या महिन्यात नक्की."

टेबलावर पाण्याचा तांब्या होता. मोनिकानं तो पुढं सरकवला. देवेशनं त्यावर हात ठेवला.

याला आता बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं. मोनिकानं त्याच डोंगराच्या पायथ्याशी स्वतःचा फ्लॅट घेतला. त्याच्याही भिंतीवर चोवीस तास पाणी आहे आणि टँकर अजून येतोच. नानासाहेब थकले, पण बाजाराच्या दिवशी हौसेनं एखादी ट्रॉली अजून पुकारतात. मोनिका दर सुट्टीला त्यांना विचारते, "औरंगपुऱ्याचा कुणी येऊन गेला का, नाना?"

"नाय बा. कोण यायचं होतं?"

"हाय एक."

देवेशचं लग्न झालं. तो आता मोठ्या कॉलेजात आहे. वाटेत भेटला की तोच आधी म्हणतो, "अगं, राहूनच गेलंय बघ, येत्या दिवाळीत नक्की." मोनिका हसून मान हलवते. मुलाबाळांची चौकशी करते. घरी आली की खिडकीतली वाटी पुसून ठेवते. चिंचोका तिच्यात अजून एकच आहे, आणि वचनभक्षीला घाई कधीच नव्हती.